आईचा हात नाही मिळणार

सरांनी माझ्या हातातल्या तारा काढून घेतल्या आणि स्पिरिटच्या बोळ्याने त्यांची टोकं पुसली. माझ्याआधी चार मुलांनी त्याच तारा धरल्या होत्या. तेव्हा बोळा निघाला नव्हता.

विरारच्या मनवेलपाड्यातला बारावी सायन्सचा क्लास. नऊ व्होल्टची बॅटरी, करंट मोजायचं मीटर, आणि दोन टोकं चिमटीत धरणारा माणूस. व्होल्टेजला करंटने भागलं की अंगाचा रेझिस्टन्स मिळतो. बाकीच्यांचा करंट तीस मायक्रोअँपिअर, म्हणजे रेझिस्टन्स तीन लाख ओहम. माझा करंट तीनशे. रेझिस्टन्स फक्त तीस हजार. व्होल्टेजने करंटला गुणलं तर पॉवरही दहापट.

"असं का?" सरांनी विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "कारण ही खारवलेली आहे. अर्नाळ्याचा सुका माल!"

वर्ग खो खो हसला. मीसुद्धा हसले. काय करणार?

पहाटे अर्नाळ्यात आईबरोबर मासळीला मीठ चोळून मी क्लासला यायचे. कितीही साबण लावा, बोटांच्या भेगांतलं मीठ जात नाही. ओल्या मिठातून करंट सहज जातो. एवढीच गोष्ट होती.

पुढे नव्या मुलांच्या पालकांना क्लास दाखवायचा रविवार ठरला. सर म्हणाले, "प्रयोगाला तू ये. आणि हात धुऊ नकोस. घरून तशीच ये."

घरी मी अर्धंच सांगितलं, की सरांनी प्रयोगाला बोलावलंय. आई हरखली. त्या पहाटे सगळी मासळी तिने एकटीने खारवली, मला मिठाला शिवू दिलं नाही. गरम पाण्यात लिंबू पिळून माझी बोटं चोळत म्हणाली, "येवढ्या पोरांत तुला निवडली. हात कसे चकचकीत पायजेत." मग चांगली साडी नेसून माझ्याबरोबर निघाली.

मी तारा धरल्या. काटा तीसवरच थांबला.

"धुऊन आलीस? सांगितलं होतं ना?" सर दबक्या आवाजात म्हणाले.

मागे आई शेजारच्या बाईला सांगत होती, "माझी पोरगी हाय ती." सरांनी ऐकलं. "अरे वा! ताई, मग तुम्हीच या पुढे." आणि त्यांनी स्पिरिटची बाटली जवळ ओढून ठेवली.

आई उठली. पदराला हात पुसत, लाजत. तिला वाटलं, मान देतायत.

मी आडवी झाले. "आई, बस. सर, तिचा हात नाही मिळणार. तुमच्या हाताला ओलं मीठ चोळा. करंट तसाच वाढेल."

कुणी हसलं नाही.

विरारच्या बसस्टॉपवर आई चिडली. "येवढा शिकलेला मानूस मला ताई बोलला, आन् तू मला चार मानसांत खाली बसवलीस!"

मग मी सगळं सांगितलं. सुका माल, बोळा, हात न धुता यायचा हुकूम. तिने दोन्ही हात पदराखाली घेतले. अर्नाळा येईपर्यंत बाहेर काढले नाहीत. वर्गात मी कधी रडले नव्हते. बसमध्ये रडले.

सरांचा निरोप आलाय. माफी माग, तरच वर्गात बस. परीक्षा तोंडावर आहे आणि फिजिक्स मला एकटीला जड जाणार. जाऊ दे. घरी बसून करीन, अडेन, पुन्हा करीन. पहाटे मीठही चोळीन. माफी मागायचीच असेल तर सरांनी अर्नाळ्याला यावं आणि आईसमोर उभं राहावं. मी जाणार नाही.