मावशीचं तेल खवट नव्हतं

मागच्या महिन्यात घोडेगावला एका लग्नाला गेलो होतो. पंगतीत शेजारी बसलेल्या माणसाने माझं गाव विचारलं आणि लगेच म्हणाला, "म्हंजे खवट तेलाची खिचडी निघाली व्हती, तीच का पावणं तुमची शाळा? डोंगरातली कोण बाई व्हती म्हणं सैपाकाला."

"न्हाई राव," मी म्हणालो, "ते तसं नव्हतं..."

तेवढ्यात वाढपी जिलेबी घेऊन आला. त्या माणसाने ताट पुढे केलं आणि माझं वाक्य तिथेच राहिलं. ते पुरं करायचं म्हणून हे लिहायला बसलो आहे.

माझी नात गावच्या प्राथमिक शाळेत पहिलीला गेली, तेव्हा मुलगा चाकणला कंपनीत कामाला होता आणि सूनबाई दिवसभर शेतात. शाळेने पालकांना मदतीला बोलावलं की जायला घरात मीच मोकळा. पहिल्या दिवशी मी मुख्याध्यापिका बाईंना म्हणालो, "पालक तर कुणी नाही आमच्यात, मी आजोबा आहे." बाई म्हणाल्या, "आजोबा चालतील. पळून जात नाहीत."

तेव्हापासून मी शाळेचा झालो. नळाचा वायसर बदलायचा, झेंड्याची दोरी ओवायची, पेन्सिलींना टोक काढून द्यायचं. शाळा सुटली की उसाच्या कडेच्या वाटेने वरच्या वस्तीची मुलं घोळक्याने घरी सोडायची. आमच्याकडे बिबट्या कधी कुठे बसलेला असेल सांगता येत नाही, म्हणून मुलं मोठ्याने पाढे म्हणत चालायची. बिबट्याला बाराचा पाढा येत नाही, तो ऐकला की तो लाजून निघून जातो, असं दुसरीतल्या एका मुलीने मला समजावून सांगितलं होतं. मला तरी त्या वाटेवर तो कधी दिसला नाही.

पण माझं खरं काम होतं चव घ्यायचं. मुलांना खिचडी वाढण्याआधी एका मोठ्या माणसाने ती खाऊन बघायची, असा शाळेत नियम आहे. मुलं हातात ताटल्या घेऊन रांगेत बसायची आणि सगळी माझ्या तोंडाकडे बघायची. मी मुद्दाम डोळे मिटून सावकाश चावायचो. कुणीतरी ओरडायचं, "आजोबा, गिळा ना आता." मी मान हलवली की ताटल्या वाजायच्या. माझं नाव चवआजोबा पडलं. या वयात नवं नाव मिळतं याचा मला आनंद व्हायचा, आणि थोडा माजही.

खिचडी करायची ती मावशी घोडेगावच्या पलीकडची, डोंगरातली. तिकडे भात आणि नाचणी. ती आणि तिचा नवरा टोमॅटोच्या बांधणीला आमच्या भागात आले आणि इथेच राहिले. गावात तिचं कुणी भावकीतलं नव्हतं. मेथी ती इतकी बारीक चिरायची की भाजी न खाणाऱ्या पोरांना ती वेचून बाजूला काढता यायची नाही. मला चमचा देऊन विचारायची, "मीठ?"

"बेताचं."

"बेताचं म्हंजे कमी का जास्त? येकदा तरी नीट बोला, आजोबा."

शाळेच्या कुंपणाला लागून माझं शेत. कुंपणाच्या आत आम्ही मुलांसाठी परसबाग केली होती. विटांच्या कडा लावून मेथी, पालक, कोथिंबीर आणि चार वांग्यांची झाडं. बाईंचा दंडक होता की तिथे औषध मारायचं नाही. अळ्या मुलं हाताने वेचायची आणि डब्यात भरून घरच्या कोंबड्यांना न्यायची. "विषमुक्त परसबाग" अशी पाटी मुलांनी रंगवली होती. ती तारेने मीच बांधली.

त्या साली मेथीवर मावा, ती बारीक चिकट कीड, पडली. माझं आयुष्य टोमॅटोत गेलं. पानावर मावा दिसला की माझा हात आपोआप पंपाकडे जातो. एका रविवारी दुपारी मी माझ्या टोमॅटोवर फवारणी केली आणि पंपात थोडं औषध उरलं. कालवलेलं औषध आम्ही शेतकरी फेकून देत नाही. बांधावरचा आंबा असो, दारातला शेवगा असो, जे जवळ दिसेल त्यावर मारून पंप रिकामा करतो. मी कुंपणाजवळ उभा होतो. तारेवरून नळी आत घातली आणि मेथीच्या वाफ्यावर पंप संपवला. सकाळी लवकर जाऊन बाईंना सांगू, आठ-दहा दिवस भाजी तोडू नका, असं मनात ठरवलं.

सोमवारी सकाळी गाय व्याली. वासरू आडवं आलं होतं. त्या धावपळीत मेथी डोक्यातून पार गेली. आंघोळ करून शाळेत पोहोचलो तेव्हा मुलं रांगेत बसली होती, पातेलं उतरवलेलं होतं आणि नळाजवळ मेथीच्या काड्यांचा ढीग पडला होता.

मावशीने चमचा पुढे केला. खिचडीत हिरवे ठिपके दिसत होते. माझी नात दुसऱ्या रांगेत बसून मांडीवर ताटली वाजवत होती.

त्या वेळी खरं बोलायला दोन शब्द पुरले असते. पण समोर ती पाटी होती, बाई होत्या, आणि मला चवआजोबा म्हणणारी सगळी पोरं होती. मी चमचा ओठाजवळ नेला, परत खाली आणला आणि म्हणालो, "ही देऊ नका. तेल खवट झालंय."

"आवं, शनवारीच तर फोडलाय डबा," मावशी म्हणाली.

"मी सांगतो ना. वास येतोय."

बाईंनी माझ्यावर विश्वास ठेवला. मुलांना केळी आणि बिस्किटं दिली. शाळेच्या मागे मी स्वतः खोल खड्डा घेतला आणि खिचडी पुरली, कोंबड्यांनी उकरू नये म्हणून वर दगड ठेवले. आजोबा किती काळजी घेतात, असं बाई कुणाला तरी म्हणाल्या. संध्याकाळी मी मेथीचा सगळा वाफा उपटला आणि किडली होती म्हणून सांगितलं.

मुलं वाचली. पण गावाला बोलायला विषय मिळाला. डोंगरातल्या बायांना कुठलं आलंय तेल कळायला, असं नळावर बायका बोलू लागल्या. काही घरांतून मुलांना डबे सुरू झाले. त्यात माझं घरही होतं. सूनबाई म्हणाली, "मामा, तुम्हीच पकडलंत, मग पोरीला कशाला तिथलं खाऊ घालायचं?" नात डबा घेऊन जायची आणि मैत्रिणीच्या ताटलीतली खिचडी खाऊन यायची.

मावशी भांडली नाही. दुसऱ्या दिवशी तिने पातेलं सगळ्यांसमोर राखेने घासलं. आणि त्या दिवसापासून चमचा देण्याआधी ती तेलाचा डबा माझ्यापुढे धरायची. झाकण काढून म्हणायची, "बघा." मी वाकून वास घ्यायचो आणि म्हणायचो, "चांगलं आहे." तेल रोज चांगलंच असायचं. मिठाबद्दल ती मला आता काही विचारत नव्हती.

वर्ष संपत आलं तेव्हा पालकांची सभा झाली. पुढच्या वर्षी स्वयंपाकाला कोण, हा विषय निघाला. एक पालक म्हणाला, "मावशी वाईट न्हाई, पण लोक बोलत्यात. दुसरी बघू. चवआजोबा, तुमी सांगा. तुमीच तर पकडलं व्हतं."

मावशी दाराशी उभी होती. चहाचे रिकामे कप गोळा करायला आली होती.

मी उभा राहिलो आणि रविवारच्या पंपापासून खड्ड्यापर्यंत सगळं सांगितलं. सांगताना वाक्यं पुढेमागे होत होती. गाय व्याल्याचं मी दोनदा सांगितलं. मागून कुणीतरी पुटपुटलं, "उरल्यालं औषध तर मी बी आंब्यावर मारतो," आणि दोघे-तिघे हसले. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आजोबा, तुम्हाला अजून थोडा उशीर झाला असता तर?"

मी खाली बसलो.

मग मावशी बोलली. कप तसेच हातात धरून. "मला कानात सांगितलं असतं, तर मीच पातेलं उपडं केलं असतं. हात घसरला म्हणले असते. दोघं मिळून खोटं बोललो असतो. मला येकटीला कशाला ठेवलं त्याच्यात?" कप खाली ठेवून ती म्हणाली, "माझा माझ्या नाकावर भरवसा ऱ्हायला न्हाई, आजोबा. घरी पोळीला तेल लावायचं तरी धा येळा वास घेते. मालक हसतो मला."

सभेने तिलाच ठेवलं. परसबागेचं काम माझ्याकडून काढून घेतलं, ते बरोबरच झालं. चवीचं काय, असं बाईंनी विचारलं, तेव्हा सगळे मावशीकडे बघू लागले. ती म्हणाली, "त्यांनाच येऊ द्या. पोरांना सवय हे. बाकीचं मी बघते."

बाकीचं म्हणजे काय, ते शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा कळलं. मी गेलो. पातेलं उतरवलेलं होतं, पण तेलाचा डबा कुठे दिसत नव्हता. मी चमच्यासाठी हात पुढे केला.

"दोन्ही दावा," ती म्हणाली.

मी दोन्ही हात पुढे केले. तिने वाकून त्यांचा वास घेतला. रांगेतली मुलं माना उंच करून बघू लागली.

"तंबाखू. साबण लावून या."

पोरं ताटल्या वाजवून हसली, आणि सगळ्यात मोठ्याने माझी नात. त्या दिवशी तिच्या दप्तरात डबा नव्हता. सूनबाईने तो सभेच्या दुसऱ्याच दिवशी बंद केला होता. पुढे बरेच दिवस माझा चहा पोचेपर्यंत निवलेला असायचा.

त्या सभेला जेमतेम वीस माणसं असतील. नळावरची गोष्ट मात्र आसपासच्या गावांत गेली, लग्नकार्यांतून पार घोडेगावपर्यंत पोचली, मावशीच्या माहेरच्या वाटेवर. एका खोलीत बोललेलं खरं त्या गोष्टीच्या मागे धावू शकलं नाही. म्हणून लिहून ठेवतो आहे. तेलाचा डबा आदल्याच शनिवारी फोडलेला होता आणि तेल चांगलं होतं. औषध मी मारलं होतं. खिचडीत काय आहे हे त्या शाळेत फक्त मला माहीत होतं, आणि मी बोट दाखवलं ते तिच्याकडे.

नात आता हायस्कूलला जुन्नरला जाते. मी अजून शाळेत जातो. तंबाखू सुटली आहे, पण रोज दारातच बाह्या वर करून हात पुढे धरावे लागतात. मावशी वास घेते, कधी नुसती मान हलवते, कधी परत नळावर पाठवते. मग चमचा देते. गेल्या आठवड्यात चमचा देताना तिने विचारलं, "मीठ?"

"थोडं कमी आहे," मी म्हणालो.

"हां," ती म्हणाली, आणि मिठाची बरणी घ्यायला वळली.