अंगात न आलेली देवी

मी देवीची भक्त आहे आणि मला आरती सहन होत नाही. एवढं एक वाक्य कबूल करायला मला चाळिशी गाठावी लागली. आमच्या गावच्या देवीसमोर मी दुपारी, गाभाऱ्यात कुणी नसताना, तासन्‌तास बसू शकते. तिच्या नथीतला एक मोती जरासा वाकडा बसलाय, हे गावात बहुधा मला एकटीलाच माहीत असेल. पण आरती सुरू झाली की माझं सगळं फिसकटतं. घंटा, टाळ्या, कापराचा वास, शेजारणीच्या बांगड्या, पोलक्याची टोचणारी शिवण, ट्यूबलाइटची बारीक कुरकुर, सगळं एकाच वेळी आत घुसतं आणि बाहेर पडायचं नाव घेत नाही. मग माझे हात वर जातात आणि माझंच डोकं बडवू लागतात. मी मारून घेते असं मला कधी वाटलंच नाही. हात मारायचे, आणि दुखलं हे मला मागाहून कळायचं.

लहानपणापासूनच हे असं होतं. वरातीत बँड वाजला, जत्रेत भोंगा लागला की मी खाली बसून डोकं झोडायची. लोक म्हणायचे, पोरगी चक्रम आहे. पुढे लग्न झालं. सासरच्या घराला लागून पिठाची गिरणी होती. सात महिन्यांत त्यांनी मला माहेरी आणून सोडलं. त्यांनी माझा छळ केला नाही, हे सांगायलाच हवं. ते घाबरले होते बिचारे. त्यानंतर गावच्या सहकारी दूध संस्थेत मला फॅट तपासायचं काम मिळालं आणि ते मला मनापासून आवडलं. काचेच्या नळीत दूध, त्यावर ठरलेली रेघ, कुणाशी फारसं बोलायची गरज नाही. कॅनची आदळआपट सुरू व्हायच्या आत मी कानात कापूस घालून बसायची. लोक हसायचे, "बाईला दुधाचाबी आवाज येतो काय?" मी हसू द्यायची.

मग देवळाच्या कमिटीने विजेवर चालणारं आरतीचं मशीन आणलं. बटण दाबलं की नगारा, झांजा आणि घंटा एकदमच सुरू. माणूस वाजवतो तेव्हा त्याचा हात कधीतरी सैल पडतो, तो दम घेतो. मशीनला दम लागत नाही. पहिल्याच मंगळवारी मी खांबाला टेकून उभी होते आणि दुसऱ्या कडव्यापर्यंतही टिकले नाही. हात उठले, केस सुटले, अंग थरथरू लागलं. तेवढ्यात बायकांतून कुणीतरी ओरडलं, "आली! आई आली!" कुणी माझा मळवट भरला, कुणी ओटीत नारळ घातला, दोघीतिघी पायांवर पडल्या. ज्यांनी मला जन्मभर चक्रम म्हटलं, त्यांनीच.

मला माहीत होतं की हे ते नाही. कुणाच्या अंगात खरंच येत असेल, त्याला मी खोटं म्हणणारी कोण? पण माझ्या अंगात काही आलं नव्हतं. उलट माझ्यातलंच जे काही होतं ते फुटून बाहेर पडत होतं. तरीही मी गप्प राहिले, आणि ते गप्प राहणं मी आजही विसरलेली नाही. घरी आल्यावर माय माझ्या कपाळाच्या टेंगळाला हळद लावत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती म्हणाली, "माही लेक येडी न्हाई. देवीची हाय." वीस वर्षांत तिचा चेहरा मी इतका सुखी पाहिला नव्हता. त्या चेहऱ्यासमोर मला खरं बोलवलं नाही. आणि खोटं कशाला सांगू, पायांवर पडणारी माणसं मलाही गोड लागली होती. वेडी असण्यापेक्षा देवी असणं केव्हाही सोपं.

असं सव्वा वर्ष चाललं. त्यात दुसऱ्या वर्षीही पाऊस रुसला. विहिरी तळाला गेल्या, गावाला टँकर लागला, आणि संस्थेत चाळीस कॅन दूध यायचं तिथे मोजून सहा येऊ लागले. बायका मंगळवारी माझ्यापुढे बसून विचारायच्या, "आई, पाऊस कधी?" मी बोलत नसे. बोलायचं त्राणच नसायचं. पण माझ्या न बोलण्याचेही अर्थ लागायचे. आई गप्प बसली म्हणजे तिचा होकार आहे, असं कसं कोण जाणे ठरून गेलं होतं. घरी आल्यावर मी देवीची क्षमा मागायची. दर आठवड्याला क्षमा मागायची आणि दर मंगळवारी पुन्हा जायची, कारण न जावं तर माय हवालदिल व्हायची. माझ्या डोक्याला सतत ठणका राहू लागला होता. हे असंच चाललं तर एक दिवस मी स्वतःला कायमचं जायबंदी करीन, ही भीती मी कुणालाही सांगितली नव्हती.

उन्हाळ्यात संस्थेने दूध डेअरीच्या मागच्या माळावर चारा छावणी उघडली. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून माणसं जनावरं घेऊन आली आणि पाचटाची खोपटं करून तिथेच राहू लागली. त्यांत कड्याच्या पलीकडच्या एका वाडीतली गयाबाई होती. दोन म्हशी, एक गाय आणि सोळा वर्षांची लेक मंगल. मंगल बोलत नसे. भर उन्हात खांद्यावरून घोंगडी आवळून म्हशीच्या पोटाला कपाळ टेकून उभी राहायची, आणि म्हैसही तिला तसं राहू द्यायची. छावणीतली माणसं हसायची. मला हसू आलं नाही. उलट मला ती पोरगी फार शहाणी वाटली. पण ओळख काढायला जायचं धैर्य माझ्यात नव्हतं.

एका मंगळवारी गयाबाई खांद्यावर घोंगडी टाकून एकटीच आरतीला आली. गावातल्या बायकांनी तिला माझ्याबद्दल सांगितलं होतं. मशीन सुरू झालं. नेहमीसारखी माझी मान तापली, दातांवर दात बसले आणि हात सुटले. "आली, आली" सुरू झालं. बायका जवळ सरकल्या, टाळ्यांचा जोर वाढला, माझ्या हातांचा आणखी वाढला. आणि तेवढ्यात लाईट गेली.

आमच्याकडे लाईट रोजच जाते, त्यामुळे मी याला चमत्कार म्हणत नाही. एवढंच सांगते की मशीन बंद पडलं आणि देवळात अचानक इतकी शांतता झाली की समईच्या वातीची तडतड ऐकू आली. टाळ्याही दचकून थांबल्या. त्या शांततेत कुणीतरी मागून माझ्या अंगावर जाड घोंगडी टाकली आणि दोन्ही खांद्यांवर तळहात ठेवून सगळा भार दिला. ओढलं नाही, पकडलं नाही. फक्त भार दिला. कानाशी अगदी हळू आवाज आला, "दम खा, बाई. काय न्हाई होत. म्या हाय." मग तोच आवाज बायकांना म्हणाला, "सरका मागं समद्या. वारं येऊ द्या." माझे हात मांडीवर येऊन पडले. जन्मात पहिल्यांदा ते आपोआप थांबले होते.

कुणीतरी चिडून म्हणालं, "देवीला झाकतीस व्हय गं?" गयाबाईने तिकडे लक्ष दिलं नाही. ती समोर येऊन बसली. उन्हाने रापलेला तोंडवळा, कपाळावर घामात पसरलेलं कुंकू. मला म्हणाली, "माह्या लेकीलाबी असंच होतंय. डोस्कं आपटती, मनगट चावती. माहे सासरे म्हणत्यात, तिला देवी मागती. माळ घाला, परडी द्या, आराध्यांच्या मेळ्यात धाडा. म्हणून म्या तुमाला इचारायला आले. घालू का माळ?"

आराध्यांचा मेळा म्हणजे दारोदार जोगवा, संबळ, झांजा, रात्रंदिवस गाणं. ज्यांना ती सेवा साधते त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण म्हशीच्या पोटाला कपाळ लावून उभी राहिलेली ती पोर माझ्या डोळ्यांपुढे आली, आणि तिच्या कानाशी आयुष्यभर वाजणारे संबळ मला ऐकू आले. मी फक्त गप्प बसले असते तरी पुरे होतं. माझं गप्प बसणं म्हणजे होकार, हे गावाला पाठ होतं. समोर माय उभी होती, हात जोडून, त्याच सुखी चेहऱ्याने. मी देवीकडे पाहिलं. देवी काही बोलली नाही, तिने डावा-उजवा कौल दिला नाही. पण माझा मलाच आवाज फुटला.

"नका घालू," मी म्हणाले. "माझ्या अंगात देवी येत नाही. कधीच आली नाही. मला आवाज सोसत नाही, म्हणून हे होतं. तुमच्या मंगललाही तेच होत असेल."

माय मटकन खाली बसली. नेमकी तेव्हाच लाईट आली आणि मशीन पुन्हा धडधडू लागलं. तेव्हा इतका वेळ समईपाशी उभे असलेले गुरवमामा गेले आणि त्यांनी सरळ वायर उपटली. "म्हातारपणी मलाबी झेपत न्हाई हे," ते पुटपुटले आणि हाताने घंटी वाजवत, हलक्या आवाजात उरलेली आरती पुरी केली.

त्यानंतरचे दिवस सोपे नव्हते. पायांवर पडणाऱ्या बायका मला पाहून पदर सावरून बाजूने जायच्या. हिच्या पापाने पाऊस अडलाय, असंही कानावर आलं. माय आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी तिने माझ्या ताटात भाकरी वाढली आणि विचारलं, "मंग इतके दिस सांगितलं कावून न्हाईस?" मी म्हणाले, "तू खूश होतीस." ती माझ्या डोक्यावरून हात फिरवायला आली, मग थांबली, आणि गयाबाईसारखा नुसता भार देऊन हात ठेवून राहिली. त्या दिवशी आम्ही दोघी पोटभर रडलो.

छावणीत गयाबाई मला शिकवत गेली, आणि तिला ते मंगलने शिकवलं होतं. मान तापायला लागली की आरती पुरी व्हायची वाट बघायची नाही, तेव्हाच उठायचं. भिंतीला दोन्ही तळवे लावून जोर द्यायचा. चाऱ्याची जड पेंढी उचलून या टोकाहून त्या टोकाला न्यायची. कानात कापूस, अंगावर घोंगडी, आणि जवळच्या माणसाला नुसती खूण करायची, बोलायची सक्ती नाही. पुढे बीडच्या एका डॉक्टरीणबाईंनी मला आणि मंगललाही तपासलं आणि याला ऑटिझम म्हणतात, स्वमग्नता म्हणतात, असं सांगितलं. नाव कळल्याने आवाज कमी झाले नाहीत, पण माझा माझ्यावरचा राग कमी झाला. अजूनही कधीकधी हात उठतात. उठले तर मी मायला हाक मारते. पूर्वी मी लाजून कोपरा शोधायची.

शरण जाणं म्हणजे देवापुढे आपल्या जिवाचं जे होईल ते होऊ देणं, असं मी समजत होते. मशीनसमोर उभं राहून मार खाणं हीच माझी भक्ती, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. आता वाटतं, मी त्या दिवशी पहिल्यांदा शरण गेले, घोंगडीखाली, जेव्हा माझ्याजवळ दाखवायला काहीच उरलं नव्हतं आणि कुणीतरी माझा भार घेतला. आता मी आरतीच्या वेळी देवळाच्या मागच्या पायरीवर बसते. देवीकडे माझी पाठ नसते, मध्ये फक्त भिंत असते.

पाऊस उशिरा आला, पण आला. छावणी उठली. जाण्याच्या आदल्या दिवशी गयाबाई हिरमुसली होती. "घरी माळ आणून ठिवलीय. माहं कोन ऐकंल?" ती म्हणाली. एसटीचा खडखडाट मला सोसत नाही. पण मी कानात कापूस घालून, मांडीवर घोंगडी घेऊन त्यांच्यासोबत निघाले, मंगल खिडकीशी आणि मी तिला चिकटून.

त्यांच्या ओसरीत खुंटीला खरोखरच कवड्यांची माळ टांगलेली होती, खाली नवी कोरी परडी. आत टीव्ही मोठ्याने चालू होता आणि घरात पाऊल टाकताच मंगलने दोन्ही कान दाबून धरले. गयाबाईचे सासरे खाटेवर बसले होते. मी त्यांना नमस्कार केला आणि म्हणाले, "ज्या बाईच्या अंगात देवी येते असं तुम्ही ऐकलंय, ती मीच. माझ्या अंगात येत नाही, आबा. हिच्याही येत नाही."

म्हाताऱ्याने खुंटीवरच्या माळेकडे पाहिलं. "मंग आमी इतके दिस बघितलं, ते काय व्हतं?"

"तिला त्रास होत होता," मी म्हणाले. "आत्ताही होतोय. बघा तिच्याकडे."

त्यांनी मंगलकडे पाहिलं. मग उठले, आत गेले आणि टीव्ही बंद केला. हळूहळू मंगलचे हात कानांवरून खाली आले. ती जाऊन आजोबांच्या खाटेच्या कडेला टेकली, आणि त्यांनी घाबरत घाबरत तिच्या खांद्यावर हात ठेवला. "येवढंच पायजे व्हतं व्हय, माय?" ते म्हणाले. गयाबाईने खुंटीवरची माळ काढून देव्हाऱ्यात देवीच्या पायांशी ठेवली. माझ्या अंगात न येता इतकी वर्षं माझ्याजवळ बसून राहिलेल्या त्या माउलीला मी होते तिथूनच नमस्कार केला.