स्क्रीनची छाटणी

नाशिकरोडच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये माझ्या शेजारच्या मशीनवर त्या बसायच्या. पन्नाशीच्या, निफाडकडच्या द्राक्षबागायतदार, बोटांना फवारणीच्या मोरचुदाची निळसर झाक. नाव मी कधी विचारलं नाही.

कमांड चुकली की काळ्या स्क्रीनवर चुकांच्या ओळींवर ओळी साचायच्या. आम्ही त्यातच डोकं खुपसून बसायचो. त्या मात्र एका बोटाने ‘क्लिअर’ टाइप करायच्या, एंटर दाबायच्या आणि स्क्रीन कोरी झाली की तळहाताने टेबलही झाडायच्या. मला त्याचा राग यायचा. एकदा मी म्हणालोच, “मावशी, त्यानं चुका जात नाहीत. वर सरकवलं की सगळ्या तिथंच असतात.”

“ठाऊक हाय,” त्या म्हणाल्या. “छाटणीनं वेल कुठं मरते? नव्या फुटीला जागा होते.”

परीक्षेच्या दिवशी प्रत्येकाने आपला प्रोग्राम सरांसमोर चालवून दाखवायचा होता. माझा चालला नाही. त्यांचाही अडकला, तेव्हा मागे कुणीतरी हसलं. त्यांनी स्क्रीन साफ केली, टेबल झाडलं, एक ओळ दुरुस्त केली. आणि त्यांच्या बागेच्या फवारण्यांचं अख्खं वेळापत्रक मराठीत स्क्रीनवर उतरलं. पहिली टाळी त्या हसणाऱ्याचीच पडली.

टाळ्या थांबायच्या आत त्यांनी पुन्हा क्लिअर मारलं.

“अहो ताई, मला नीट बघू तरी द्या,” सर म्हणाले.

“बघितलं की सगळ्यांनी,” टेबल झाडत त्या म्हणाल्या. “आता पुढचं शिकवा.”