साडी नेसलेलं रानडुक्कर

बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या वर्षी मी नेरच्या नेट कॅफेत नोकऱ्या शोधायला जायची. शेजारी कॅफेवाले दादा जग बुडाल्यानंतरचा गेम खेळत. त्यातली सहा पायांची रानडुकरं येऊ नयेत म्हणून त्यांनी गेममधल्या आपल्या छावणीभोवती साड्या बांधल्या होत्या, आपल्याकडे शेताला बांधतात तशा.

“ताई, पाय कितीबी फुटू द्या, साडीचं भेव रक्तातून जात नाई.”

दादांचा शेवटचा जीव उरला असताना एक डुक्कर कुंपण तोडून आलं. अंगाला गुलाबी साडी गुंडाळलेली.

“मारा ना, दादा!” मी पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलले.

त्यांनी बंदूक खाली घेतली. “नेसून आली ना, ताई. बाईमाणसावर गोळी कशी झाडू?”

डुकरानं त्यांना तुडवलं. दादांनी शांतपणे नवा डाव लावला.

“डुकरं सुधरून राह्यले, ताई. आता लुंग्या बांधतो. मंग मारता येते.”