ठिपका खिडकीकडे

दादा गेला तेव्हा मी वज्रेश्वरीला होते. आमच्या ऑफिसातल्या निवृत्त बायकांचा एक घोळका आहे. वर्षातून एकदा आम्ही देवीचं दर्शन घेतो, गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसतो आणि ज्या साहेबांनी आम्हाला छळलं त्यांचा यथेच्छ उद्धार करून परत येतो. पाय अजून पाण्यातच होते आणि फोन वाजला. अंजूरचा लक्ष्मण होता. तिकडच्या गोडाऊनमधून भंगारात निघालेल्या, माल रचायच्या लाकडी पॅलेटच्या फळ्या तो दादाला आणून द्यायचा. "ताई, तुमी लगेच या," तो म्हणाला. "मी फळ्या टाकाला आलो हाय. मास्तर खुर्चीवर हायत, पन बोलत न्हाय." झोप लागली असेल, हलवून बघ, असं मी म्हटलं. "हलवला, ताई," तो म्हणाला, आणि मला कळलं. भिवंडीच्या एसटीत सगळा रस्ताभर मी एकच गोष्ट आठवत बसले होते, की भात झाकून कुठे ठेवलाय ते सकाळी निघताना मी दादाला सांगितलं होतं की नाही. अशा वेळी माणसाचं डोकं काय वाटेल ते धरून बसतं.

दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. शाळेत चित्रकला शिकवायचा, म्हणून सगळ्यांचा मास्तर. वहिनी लवकर गेली, मी लग्न केलं नाही, आणि दादाची मुलगी मंजिरी नोकरीसाठी पुण्याला गेल्यावर कामतघरच्या घरात आम्ही दोघंच उरलो. शेजारच्या कापडाच्या कारखान्यातल्या लूमचा खडखडाट भिंतीतून येतो, त्यामुळे आमच्या घरात कुणी हळू बोलतच नाही. आमची भांडणं अख्ख्या आळीला ऐकू जायची. रिटायर झाल्यावर त्याने मागच्या खोलीत लाकूडकाम मांडलं आणि माझी पापडांची पिंपं हद्दपार झाली. त्याचं लाडकं मशीन राउटर. दोन मुठींनी धरायचं, खाली गरगर फिरणारं पातं, ते लाकडात चर पाडतं. भुसा मात्र थेट माझ्या देवघरापर्यंत यायचा. मी ओरडले की तो म्हणायचा, देवाला चालतो, तुलाच चालत नाही.

आमच्या घरात मुलीच्या लग्नाचा पाट बाजारातून आणत नाहीत. तो घरातल्या पुरुषाने स्वतःच्या हाताने करायचा. माझ्यासाठी वडिलांनी केलेला पाट तसाच कोरा राहिला, मी त्यावर बसून भाजी चिरते. मंजिरीचं लग्न ठरलं तेव्हा दादाने जुन्या दाराचं सागवान काढलं आणि पाटावर लंबगोल चर पाडून त्यात पितळेची पट्टी बसवायची असं ठरवलं. नेमका त्याच सुमाराला त्याचा उजवा हात थरथर कापायला लागला. आधी चहा बशीत सांडायला लागला, मग सही बदलली. डॉक्टरांनी कंपवाताची सुरुवात म्हणून सांगितलं. घरी येताना रिक्षात तो एवढंच म्हणाला की पाट सुताराकडे द्यायचा नाही. जन्मभर ज्या हाताने मुलांना सरळ रेष शिकवली तो हात त्याचं ऐकेनासा झाला होता, आणि तो घाबरला होता. दादाला घाबरलेलं मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं, वहिनीच्या आजारपणात.

मग त्याने रिंगांचा एक सेट शोधून काढला. राउटरच्या पात्याभोवती एक पितळी रिंग बसवायची, लाकडावर प्लायचा फर्मा, म्हणजे हव्या त्या आकाराचा साचा, चिकटवायचा आणि रिंग फर्म्याच्या कडेला टेकवून मशीन चालवायचं. हात थरथरला तरी कड त्याला सांभाळते. चांगल्या कंपनीचा सेट परदेशी आणि महाग, आणि नकलेचा सेट अगदी स्वस्त, प्लास्टिकच्या डबीत. फोनवर लोकांनी लिहिलेले अभिप्राय तो मला मोठ्याने वाचून दाखवायचा. कुणी म्हणे बेष्ट, कुणी म्हणे कचरा. मी म्हटलं, एवढ्या स्वस्तात मिळतंय म्हणजे काहीतरी खोट असणारच, महागाचा घे. तो म्हणाला, हात किती दिवस साथ देईल ते मला माहीत नाही, महागाचा घेऊन काय करू? सेट स्वस्तातलाच आला.

आल्या आल्या त्याने रंग दाखवला. रिंग मशीनला बसेचना, तेव्हा दादाने जाड प्लास्टिकची गोल चकती कापून मध्ये घातली. रिंग धरून ठेवणारा नट दर थोड्या वेळाने सैल व्हायचा. हे सगळं त्याने हसत हसत निभावलं. पण पॅलेटच्या फळीवर सराव करताना लंबगोल चर फिरून जिथे सुरू झाला तिथे आला, की त्याची दोन टोकं जुळायची नाहीत. तांदळाच्या दाण्याएवढी पायरी पडायची. पुन्हा केलं, पुन्हा पायरी. तेवढ्या पायरीने पितळेची पट्टी बसणार नव्हती. दादाने मशीन पुसलं, गोणपाटात गुंडाळलं आणि कपाटाखाली सरकवलं. दोष त्याने रिंगेला दिला नाही, स्वतःच्या हाताला दिला. जेवताना उजवा हात मांडीखाली दाबून डाव्या हाताने जेवायला लागला. सुताराचा नंबर आहे का तुझ्याकडे, असं त्याने विचारलं त्या दिवशी मला रडू आलं. मी ते त्याच्यासमोर येऊ दिलं नाही, भाजीला फोडणी घालत राहिले.

एका दुपारी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "सुमे, तुझा हात कापत नाही ना?"

"नाही."

"मग चल. तू धर."

मी आयुष्यात कात्री आणि पोळपाट-लाटण्यापलीकडे काही चालवलं नव्हतं. त्याने मला गॉगल चढवला, मागे उभं राहून मुठी दाखवल्या आणि मशीन सुरू करून दिलं. लूमचा आवाज लोपला इतका त्याचा आवाज. मी भीतभीत फर्म्याच्या कडेने गेले, अर्ध्या वाटेत हात पुरेनात म्हणून टेबलाला वळसा घालून मशीन माझ्याकडे फिरवलं आणि चर पुरा केला. दादाने फुंकर मारून भुसा उडवला. पायरी होती. त्याच्या चराला पडायची तेवढीच, तिथेच. तो वाकून बघतच राहिला... मग सरळ झाला, आणि हसायला लागला. "अगं, रिंगच वाकडी आहे," तो म्हणाला. "भोक मध्यावर नाही तिचं. मशीन फिरवलं की चर सरकतो. माझा हात नाही, सुमे, रिंग वाकडी आहे." फसवणूक झाल्याचा इतका आनंद झालेलं दुसरं गिऱ्हाईक त्या कंपनीला मिळालं नसेल. त्याने माझ्या नखांचं लाल पॉलिश मागून घेतलं, मशीनच्या बुडाशी एक ठिपका दिला आणि नियम करून टाकला. आपण टेबलाभोवती हवं तसं फिरायचं, हात आडवेतिडवे झाले तरी चालतील, पण मशीन वळू द्यायचं नाही, ठिपका कायम खिडकीकडे. मग पाटाचा चर दादाने स्वतःच पाडला, आणि दोन्ही टोकं जुळली. मंजिरी त्या पाटावर बसली तेव्हा पाहुणे वधूकडे बघत होते आणि आम्ही दोघं पट्टीच्या सांध्याकडे.

पाटाचा फोटो दादाने लाकूडकामाच्या कुठल्याशा ग्रुपवर टाकला आणि फोन सुरू झाले. कोण कोण कुठून कुठून विचारायचं, तो स्वस्तातला सेट घ्यावा का? दादाचं उत्तर मला पाठ झालं. घ्यावा, पण डोळे उघडे ठेवून. रिंगा भरपूर येतात, कामाच्या दोन-तीनच. नट आवळत राहा. आणि मशीन फिरवू नका. पुढे त्याचा हात आणखी बिघडला, तरी पॅलेटच्या फळ्यांचे पाट तो करत राहिला. ज्यांना घरी करणारं कुणी नव्हतं अशा मुलींसाठी लक्ष्मण ते गावाकडे घेऊन जायचा.

दहावं-बारावं झालं, मंजिरी चार दिवस राहून गेली. आता घरात लूमचा आवाज तेवढा आहे. त्यावरून ओरडून बोलायला समोर कुणी नाही. मला एकटं वाटतं, फार वाटतं, आणि ते कुणाला सांगायला गेलं तर लोक भजनी मंडळाचं नाव सुचवतात. परवा मी मागची खोली झाडायला घेतली. टेबलावर दादाची शेवटची फळी तशीच पकडीत होती, फर्मा चिकटवलेला, चर निम्मा झालेला. मी गॉगल लावला. नट आवळला. ठिपका खिडकीकडे ठेवला, पूर्ण वळशात एकदाही ढळू दिला नाही, आणि भुसा झटकून पाहिलं तर टोकं जुळली नव्हती. रिंग सरकली असेल. की नट सैल झाला? की माझाच हात... मी तो उजेडात धरून बघितला, पण स्वतःचा हात स्वतःला कळत नाही. आतल्या खोलीकडे तोंड करून मी दादाला हाक मारायला गेले, जरा धर बघू म्हणून. मग तिथेच खाली बसले.

त्याच संध्याकाळी दादाचा फोन वाजला. कल्याणचे एक गृहस्थ होते, निवृत्त, नव्यानेच राउटर घेतलेले. दादा गेल्याचं सांगितल्यावर बिचारे चाचरले, माफ करा म्हणाले आणि ठेवायला लागले. मी म्हटलं, विचारा, मला माहीत आहे. त्यांनी तेच विचारलं, स्वस्तातला सेट घ्यावा का? मी रिंगांचं सांगितलं, नटाचं सांगितलं, ठिपक्याचं सांगितलं. ते लिहून घेत होते. मग मला टेबलावरची ती फळी आठवली.

"घरी तुमच्याबरोबर कोण असतं?" मी विचारलं.

त्यांना प्रश्न कळला नसावा. "मिसेस असते," ते म्हणाले. "का हो?"

"मग घ्या," मी म्हटलं.