कानाला दाबलेला फोन

"लाव कानाला. माणसासारखा लाव," मालक म्हणाले. माझ्या हातातला फोन काढून घेतला आणि त्यांनीच माझ्या कानावर दाबला.

लग्नसराई होती. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं. काउंटरवर चादरी, टॉवेल उघडून पडलेले. फोन दाबल्याबरोबर माझ्या कानाचं मशीन किंचाळलं. त्याच्यावर काही दाबलं की ते शिट्टी मारतंच. ती शिट्टी पुढं उभ्या असलेल्या बाईलाही ऐकू गेली.

"कुकर झाला की," मालक म्हणाले.

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले.

फोन गावाहून, केमहून होता. माझ्या भावाचा.

लहानपणी तापात माझं ऐकणं गेलं. सगळं नाही, पण बरंच. शाळेत मला दोन नावं होती. एक बहिरी. दुसरं आमच्या वस्तीचं. दोन्ही हाका मागूनच यायच्या, म्हणून मला त्या उशिरा कळायच्या. मशीन मिळालं ते मी मोठी झाल्यावर, सोलापूरच्या एका शिबिरात. मशीन बसवणाऱ्या बाईंनी नीट समजावलं होतं. "फोन कानाच्या भोकाला लावू नका. मशीन कानामागं आहे, तिथं वर धरा, थोडा लांब. शिट्टी आली तर हलवून बघा. नाहीतर स्पीकर लावा. पण आवाज पूर्ण वाढवू नका. उरलंय तेही जाईल."

कामाला लागले त्याच दिवशी मी हे मालकांना सांगितलं होतं. त्यांनी मान हलवली होती. पण मी स्पीकर लावला की म्हणायचे, "तुमच्या लोकांना सगळं ओरडूनच लागतंय."

तुमच्या लोकांना. ते बहिऱ्यांबद्दल बोलत नव्हते. मला कळायचं. मी घड्या घालत राहायची.

आई गावाकडं आजारी होती. जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपलेली बाई. तिला फोन लावता येत नव्हता, पण माझ्याशी फोनवर कसं बोलायचं हे ती शिकली होती. सावकाश, एकेक शब्द सोडून. म्हणून तिचं मला कळायचं.

त्या दिवशी भावाचा फोन आला तेव्हा मी कपाटाआड गेले. स्पीकर लावला. "आक्का, आई बोलती. ऐक," एवढं ऐकू आलं. तेवढ्यात मालक आले.

"सगळ्या दुकानाला ऐकवतीस व्हय?"

त्यांनी मला हाताला धरून काउंटरपाशी आणलं. स्पीकर बंद केला, आवाज वाढवत नेला आणि फोन दाबला. डोक्यात खिळा जावा तसं दुखलं. मान मागं घेतली, तर त्यांनी आणखी दाबला. लोक हसले. मग त्यांनी फोन बंद करून ड्रॉवरमध्ये टाकला.

"जाताना घे."

मी चादरीची घडी घातली. मग दुसरीची.

दुकान सुटल्यावर रस्त्यावर उभं राहून भावाला फोन लावला.

"आक्का, आई गेली."

मी विचारलं, "काय म्हणत हुती?"

"तुझ्याशीच बोलत हुती की. मी फोन तिच्या तोंडाशी धरला हुता. लई बारीक आवाज. मला न्हाई कळलं. तुला काय ऐकू आलं?"

मी म्हणाले, "शिट्टी."

मातीला जाऊन परत आले. कामावर गेले. मालक गादीवर बसले होते.

"वाईट झालं," ते म्हणाले. "देवाच्या हातात असतंय. आता एक कर. गिऱ्हाईक असलं की ते मशीन काढून ठेवत जा. बरं दिसत न्हाय."

तेव्हा माझ्या आत काहीतरी थांबलं. रडू नव्हतं. राग म्हणावा तर हात थंड होते.

"मशीन निघणार न्हाई," मी म्हणाले. "फोनबी ड्रॉवरमध्ये जाणार न्हाई."

"मग दुसरीकडं बघ."

"बघते. पण आधी ऐका. तुमी माझ्या कानावर दाबलेला फोन माझ्या आईचा हुता. ती मरताना बोलत हुती."

मालकांनी इकडंतिकडं पाहिलं.

"मला काय म्हाईत?"

"इचारलं का तुमी?"

मी पायरी उतरले.

आता सोलापुरातच, भवानी पेठेतल्या एका कारखान्यात टॉवेलच्या कडा शिवते. इथं पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं, माझा फोन माझ्यापाशी राहील आणि स्पीकरवर वाजेल. दोघी-तिघींनी तोंडं वाकडी केली. करू देत.

आई काय म्हणाली ते मला कधीच कळणार नाही. भाऊ म्हणतो, "सोडून दे, आक्का. मन हलकं हुईल."

मला हलकं व्हायचं नाही. मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. यापुढं माझ्या कानाकडं कुणाचा हात आला तर तो मी वाटेतच धरीन. कितीही लोक बघत असू देत. सोडणार नाही.