साक्ष दिली आणि गोळ्या सोडल्या

"टीबी उलटलाय," डॉक्टर रिपोर्ट बघत म्हणाले. "गोळ्या कधी सोडल्या?"

मी म्हटलं, "साक्ष दिली त्या दिवशी."

त्यांना काही कळलं नाही. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारी साक्ष देतात. देवानं आपलं काय भलं केलं ते सगळ्यांपुढं उभं राहून सांगायचं. मी सेनगाव-हिंगोली जीप चालवायचो. २००२ च्या उन्हाळ्यात खोकला लागला, संध्याकाळी बारीक ताप यायचा. स्पुटम तपासलं, म्हणजे बेडका. त्यात जंतू निघाले. सहा महिन्यांच्या गोळ्या चालू झाल्या.

दोन महिन्यांत खोकला थांबला. भूक अशी की बायको म्हणाली, "चूल तेवढी ठेवा." रविवारी उठलो आणि "प्रभूनं मला पूर्ण बरं केलं" असं ठोकून दिलं. टाळ्या पडल्या. आता पूर्ण बरा झालो म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी गोळी कोणत्या तोंडानं घ्यायची? सोडा म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. मीच अतिशहाणा. नर्सबाई दोनदा घरी आल्या, मी जीप काढून पसार.

पाच महिन्यांनी बेडक्यात रक्त आलं.

डॉक्टर चिडले नाहीत. "औषध अर्धवट सोडलं की दबलेला आजार पुन्हा उठतो. आता आठ महिने औषध, पहिले दोन महिने इंजेक्शनही. यावेळी सोडलं तर पुढं या गोळ्या लागू पडणार नाहीत. घरात लहान कोण आहे?"

"पोरगी. दोन वर्षांची."

"तिलाही घेऊन या."

तिच्या तपासणीचे चार दिवस मी कसे काढले ते मला माहीत. तिला काही निघालं नाही. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून सगळ्यांदेखत रडलो.

गावात प्रत्येकाचं वेगळंच. भाऊ म्हणाला, धर्म बदलला म्हणून भोगून राहिला. मंडळीतला एक जण म्हणाला, "ब्रदर, विश्वास कमी पडला तुमचा." माझा स्वभाव तापट, हात शिवशिवला. बायकोनं, रूथनं, शर्ट ओढून खाली बसवलं. घरी आल्यावर म्हणाली, "देवानं डॉक्टर काय सैतानाच्या हातनं धाडला व्हय? त्यायला बोलू द्या. तुमी गप गोळ्या घ्या."

आठवड्यातून तीन दिवस नर्सबाईंसमोर गोळ्या गिळायच्या. त्या गोळ्यांनी लघवी लाल व्हायची. इंजेक्शननं कंबर इतकी ठणकायची की जीपच्या सीटवर एका कुशीवर बसायचो. आधी मी "देवा, लवकर बरं कर" म्हणायचो. पुढं पुढं "आजच्या गोळ्या पोटात राहू दे" एवढंच मागू लागलो. तेवढं मिळत गेलं.

तुमच्यापैकी कोणाच्या गोळ्या चालू असतील तर सांगतो. इंजेक्शनचे महिने त्यामानानं सोपे गेले. अवघड होता पाचवा महिना. तब्येत सुधारली, आता काहून घ्यायच्या असं वाटायचं. त्याच महिन्यात पास्टर म्हणाले, "ब्रदर, आता तरी साक्ष द्या की." जीभ वळवळत होती, खोटं कशाला सांगू! पण म्हटलं, "न्हाई. अजून तीन महिने थांबा."

आठव्या महिन्यात स्पुटम निगेटिव्ह आलं, जंतू नाहीत. त्या रविवारी उभा राहिलो. म्हटलं, "मागल्या बारीला मी साक्ष दिली ती खोटी व्हती. मी बरा झालोच नव्हतो. मला देवानं बरं केलं ते गोळ्या संपेपर्यंत धरून ठेवून. मधी सोडल्या तो माझा मूर्खपणा, विश्वास न्हाई."

टाळी पडली नाही. लोक उठून घरी गेले. मला वाटलं, झालं, आता आपल्याला इथं कोणी विचारणार नाही.

सतरंजी गुंडाळताना पास्टर जवळ आले. "उद्या जीप हिंगोलीला किती वाजता जाती?"

"काहून?"

त्यांनी दाराकडं बघून आवाज बारीक केला. "बीपीची गोळी. वर्ष झालं, मी बी सोडली. मागं साक्ष दिल्ती ना मी."

एरवी मी फाडफाड बोललो असतो. त्या दिवशी त्यांचा हात धरला, बस.

दहा सवाऱ्या भरल्याशिवाय आम्ही जीप हलवत नाही. सोमवारी सकाळी ते एकटेच येऊन पुढं बसले, आणि मी लगेच गाडी काढली.